'आपल्या कॉलनीत काही होत नाही' म्हणणाऱ्या सगळ्यांना

कॉलनीतल्या सगळ्या काका-काकू, दादा-वहिनी, आज्या-आजोबा आणि वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या पोरांना नमस्कार.

मी शेवटच्या गल्लीतली, कोपऱ्यावर पेरूचं झाड आहे त्या घरातली. चोरीवरनं रविवारी झालेल्या कॉलनीच्या मीटिंगला मी होते, पण सगळे एकाच वेळी बोलत होते आणि बोलायला उठले तर माझाच गळा दाटून यायला लागला म्हणून गप्प बसले. घरी आले, रात्रभर झोप नाही, म्हणून आता लिहितेय. लांब होईल, पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

मीटिंगमध्ये काय काय ठरलं ते तुम्हाला माहीतच आहे. गेट बसवायचं, वॉचमन ठेवायचा, बॅचलर पोरांना खोल्या द्यायच्या नाहीत, इथल्या सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत कामाला असलेल्या बाहेरच्या राज्यातल्या लोकांना तर अजिबातच नाहीत, भंगारवाला आत सोडायचा नाही. आणि हे सगळं चालू असताना एक काका उठून म्हणाले की आपली कॉलनी सेफ आहे, पंधरा वर्षांत काही झालेलं नाही, हे एकच घर फुटलं, त्याचं एवढं मोठं करायला नको. काका, तुम्ही वाईट हेतूनं बोलला नाहीत हे मला कळतं. पण ते एकच घर माझं होतं, आणि ते एकच नव्हतं हे त्या हॉलमध्ये बसलेल्या निदान चार घरांना माहीत होतं. त्या चारही घरातली माणसं खाली बघत बसली होती. ते बघून मला जेवढं वाईट वाटलं तेवढं चोरी झाली त्या दिवशीपण वाटलं नव्हतं.

आधी माझं सांगते, कारण अर्धं अर्धं ऐकून कायपण चर्चा चालू आहे. भाऊबीजेला आम्ही सगळे विट्याला माझ्या माहेरी गेलतो. एकच रात्र. दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तर दाराचा कोयंडा कापलेला आणि कुलूप जसंच्या तसं कोयंड्यासकट खाली लोंबत होतं. आत कपाट उघडं, साड्या बाहेर, पण मला सगळ्यात आधी दिसली ती ज्वारी. स्वयंपाकघरभर ज्वारी. मोठा पत्र्याचा डबा आडवा पाडून पूर्ण ओतलेला होता आणि त्या ज्वारीत बुटाचा एक उमटा स्पष्ट दिसत होता. म्हणजे त्याला माहीत होतं. आपल्या बायका सोनं कुठं ठेवतात, धान्याच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या मागं, गादीच्या खोळीत, सगळं त्यांना पाठ असतं. माझ्या आईची बोरमाळ त्या ज्वारीत होती. तिच्या आईनं तिला दिलेली. ती गेली, पाडव्याची ओवाळणी आणि बोनसचे पैसे गेले, देव्हाऱ्यातला चांदीचा बाळकृष्ण गेला. पितळी समई तेवढी बाजूला काढून ठेवली होती.

मग आमच्याकडनं मोठी चूक झाली. आम्ही ११२ ला फोन लावेपर्यंत सासूबाईंनी ज्वारी झाडून गोळा केली. पायाखाली धान्य आलेलं त्यांना बघवेना, त्या रडत रडत झाडत होत्या, मी कोणत्या तोंडानं थांबवणार. नंतर ठसे घ्यायला माणसं आली तेव्हा त्यांनी विचारलं, इथं काय होतं, तेव्हा लक्षात आलं की तो बुटाचा उमटा आपण सुपात भरला. म्हणून सांगते, देव न करो पण कुणावर अशी वेळ आली तर काही आवरू नका, कपाटाला हात लावू नका, दाराबाहेर बसून राहा.

आता मुख्य गोष्ट. त्या संध्याकाळी पंचनामा चालू होता, मी पायरीवर बसलेले, आणि शेजारच्या गल्लीतल्या एक काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, पाठीवरनं हात फिरवला आणि कानात म्हणाल्या, "रडू नको गं, आमच्यातपण झालती, गणपतीच्या आधी." मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणतायत. गणपतीच्या आधी म्हणजे दोन महिने झाले की. मी विचारलं कुणाला सांगितलं नाही का, तर म्हणाल्या ह्यांनी नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. एकीच्या गाडीची डिकी उचकटलेली, एकीच्या मागच्या दाराची जाळी कापून चोर आत आलेले. आणि तिसऱ्या दिवशी आल्या त्या आजी. नाव लिहीत नाही, त्यांनीच सांगितलं लिहू नको म्हणून.

आजी पहाटे गणपती मंदिराला जायला निघाल्या होत्या, रिक्षा मिळते का बघत कॉर्नरला उभ्या. दोघं मोटारसायकलवरनं आले, चांगले इनशर्ट केलेले, म्हणाले आम्ही पोलीस आहोत, पुढं एका बाईला मारून दागिने नेलेत, तुम्ही एवढ्या पहाटे अंगावर सोनं घालून काय फिरताय, काढा आणि रुमालात बांधून पिशवीत ठेवा. आजींनी दोन्ही पाटल्या काढल्या, त्यांनीच रुमालात बांधून दिल्या, आजींनी वर त्यांना आशीर्वाद दिला, आणि घरी येऊन बघतात तर रुमालात दोन खडे. ही पद्धत काही नवी नाही, महाराष्ट्रात गावोगावी असे तोतया पोलीस म्हाताऱ्या माणसांना फसवत आलेत. भांडी पॉलिश करून देतो म्हणत दागिन्यावर येणारे, पत्ता विचारत गाडी जवळ आणून गळ्याला हात घालणारे, सगळे त्यातलेच. पण आजींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि घरात काय झालं, तर मुलगा म्हणाला, तुला अक्कल नाही का, आता गप्प बस, चारचौघांत बोंब नको. आजी त्या दिवसापासनं एकट्या बाहेर पडलेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "माझीच चूक ना गं?" मी त्यांचा हात धरला, मनगटावर पाटल्यांचा पांढरा पट्टा अजून दिसत होता, पन्नास वर्षं काढल्या नव्हत्या त्या.

नाही आजी, तुमची चूक नाही. अजिबात नाही. हे मी इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

पण बाकीच्यांना मी विचारते, तुम्ही सांगितलं का नाही? मला कुणी एका शब्दानं सांगितलं असतं की आपल्याकडं घरं फुटायला लागलीत, तर मी बोरमाळ बँकेच्या लॉकरला टाकली असती, नाहीतर गळ्यात घालून विट्याला नेली असती. दारात रांगोळी काढायला कुणाला तरी सांगून गेले असते. हो, रांगोळी. दिवाळीत सगळ्यांच्या दारात रांगोळी आणि आमच्याच दारात नाही, दुधाची पिशवी गेटला तशीच लटकलेली, पोर्चचा दिवा दुपारी बाराला चालू. गल्लीतनं एक चक्कर मारली की लहान पोराला पण कळेल ह्या घरात माणूस नाही.

तुमची कारणं मला हळूहळू कळली. कुणी म्हणतं कोर्टात खेटे घालायला लागतात. कुणी म्हणतं सोन्याचं बिल नाही. कुणी म्हणतं माल सापडला तरी वर्षानुवर्षं मुद्देमाल म्हणून पडून राहतो. एका घरात मुलीचं बघायचं चालू आहे म्हणून नको, आणि एका दादांनी तर स्पष्ट सांगितलं की मला वरचा फ्लॅट विकायचाय, कॉलनीचं नाव खराब झालं तर रेट पडतो. प्रत्येकाचं कारण त्याच्या जागी बरोबर वाटतं. पण मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत कीर्द-खतावणी लिहिते, वीस वर्षं झाली, आणि मला एकच हिशोब येतो. गोदामातनं पोतं गेलं आणि वहीत लिहिलं नाही तर वहीप्रमाणं ते पोतं गोदामातच आहे. मालक म्हणणार सगळं बरोबर आहे. मग पुढच्या आठवड्यात अजून दोन पोती जातात, कारण नेणाऱ्याला कळलेलं असतं की इथं कुणी लिहीत नाही.

आपल्या कॉलनीचं तेच झालंय. आमच्या पंचनाम्याला आलेल्या अंमलदारांना मी रागानं विचारलं, रात्रीची गस्तीची गाडी आमच्याकडं का फिरत नाही? ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या कॉलनीतनं घरफोडीची एक पण फिर्याद नाही. ज्या भागात झाल्यात तिकडं गाडी पाठवायला लागते, माणसं तेवढीच आहेत." मी काय उत्तर देणार? त्यांच्या वहीत आपण नाहीच. देशभरातल्या गुन्ह्यांचे जे आकडे दरवर्षी छापून येतात ते पण नोंद झालेल्या गुन्ह्यांचेच असतात, लपवलेली चोरी कुठल्याच आकड्यात जात नाही. आपण सेफ आहोत असं आपण म्हणतो ते ह्या कोऱ्या पानाच्या जिवावर.

आता ती कारणं एकेक बघू, कारण मी ह्या दोन महिन्यांत ठाण्यात आणि वकिलाकडं बरंच फिरले आणि बरंच शिकले. बिलाचं म्हणाल तर माझ्याकडंपण नव्हतं, माझ्या आईला तिच्या आईनं दिलेली बोरमाळ, तिचं बिल कुठनं आणणार. मी भावाच्या लग्नातला फोटो दिला, त्यात गळ्यात बोरमाळ स्पष्ट दिसते, आणि किती पदरी, अंदाजे वजन किती ते सांगितलं. तेवढ्यावर फिर्याद लिहून घेतली. म्हणून आज रात्री एक काम करा, घरातल्या सगळ्या दागिन्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, गाडीचा चासी नंबर, लॅपटॉपचा, मोबाईलचा आयएमईआय नंबर, सगळं एका जागी लिहून ठेवा.

१ जुलै २०२४ पासनं कायदे बदललेत, जुन्या १८६० च्या भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यात अंगावरचं ओढून नेणं म्हणजे चेन स्नॅचिंग हा ३०४ कलमात वेगळा गुन्हाच केलाय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. घरातल्या चोरीला ३०५ कलमात सात वर्षांपर्यंत आहे. त्याच्याच बरोबर आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेत १७३ कलमाप्रमाणं दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाला न विचारता तपास सुरू करू शकतात त्याची, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाची हे नंतर बघतात, आणि फिर्यादीची प्रत आपल्याला फुकट द्यायलाच लागते. ऑनलाइनपण कळवता येतं, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायला लागते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणं बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. आणि कुणी घेतच नसेल तर लेखी तक्रार पोस्टानं थेट एसपी साहेबांकडं पाठवता येते, तिथंपण नाही झालं तर कोर्टात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पाच हजारांच्या आतली साधी चोरी आता अदखलपात्र आहे, तिथं पोलीस एफआयआर न करता एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद करतील, त्यावरनं भांडत बसू नका, एनसी तर एनसी, पण वहीत येऊ दे. घर फोडून आत शिरलेला असेल तर तो विषय वेगळा, तो दखलपात्रच.

नुसता अर्ज देऊन पोच घेऊन येणं आणि फिर्याद देणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्यातल्या एका दादांनी गाडी गेली तेव्हा अर्ज दिलता आणि वर्षभर समजत होते की केस चालू आहे. कागदावर गुन्हा रजिस्टर नंबर आहे का ते बघा. तो असेल तर नव्वद दिवसांत तपास कुठपर्यंत आला ते फिर्यादीला कळवायचं असं नव्या कायद्यात आहे, म्हणजे आपण विचारायला गेलो तर उपकार मागायला जात नाही.

मुद्देमालाची भीती खरी आहे, मी नाही म्हणत नाही. पूर्वी लोकांचं सोनं खटला संपेपर्यंत अडकून पडलेलं आपण ऐकलंय. पण २००२ मध्येच सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की दागिन्यांसारख्या वस्तूंचा पंचनामा आणि फोटो करून, मालकाकडनं हमीपत्र घेऊन त्या लवकर परत द्याव्यात, आणि आता नव्या संहितेत ४९७ कलमात तर कोर्टासमोर माल आल्यावर चौदा दिवसांत त्याची यादी, फोटो, आणि नंतर तीस दिवसांत तो कुणाला द्यायचा त्याचा आदेश, असं लिहिलंय. प्रत्यक्षात किती पाळलं जातं ते माझी बोरमाळ सापडेल तेव्हा कळेल. पण ज्यांनी फिर्यादच दिली नाही त्यांचं सोनं उद्या एखाद्या चोराकडं सापडलं तरी पोलिसांनी ते कुणाला द्यायचं? तो चोर पकडला आणि कबूल पण झाला की अमुक कॉलनीत पाटल्या घेतल्या, तरी समोर फिर्यादीच नाही. ह्याचा विचार करा.

आता भाडेकरूंचं. ह्या विषयावर मी तुमच्याशी सहमत नाही आणि होणारपण नाही. मीटिंगमध्ये ज्या पोरांना काढायचं ठरवत होता त्यातल्याच दोघांनी, एक वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकतो आणि एक कुपवाडला लेथवर कामाला आहे, आमचं दार उघडं बघून सकाळी आमच्या ह्यांना फोन लावायचा प्रयत्न केलता, नंबर मिळाला नाही म्हणून ते आम्ही येईपर्यंत दाराबाहेर बसून राहिले, कुणाला आत जाऊ दिलं नाही. कामावर खाडा करून. चार घरं पलीकडच्या आपल्या माणसांनी उघडं दार बघितलं आणि पुढं गेली. मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, पण संशय घेताना हे पण आठवा. ती पोरं कुठनं आलीत ह्याच्यावर चोरी ठरत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायला लागते, ते काम घरमालकाचं आहे, आणि मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या खोल्यांतल्या पोरांची माहिती ठाण्यात दिलीय? भाडं कागदावर येईल म्हणून दिलेली नाही. मग पोरांना का नावं ठेवायची? आधार कार्डाची झेरॉक्स, फोटो, गावाकडचा पत्ता, तो फॉर्म भरा आणि मोकळे व्हा, त्या पोरांचीपण त्यात सोय आहे, काही झालं की पहिला संशय त्यांच्यावर येतो तो तरी जाईल.

कॅमेऱ्यांचं थोडक्यात. आपल्या गल्लीत चार कॅमेरे आहेत. चारही आपापल्या पार्किंगवर लावलेत, रस्ता एकातपण दिसत नाही. एकात मोटारसायकलचं चाक दिसलं पण त्या डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याचं, घड्याळ चाळीस मिनिटं मागं, आणि बाकीच्यात आठ दिवसांच्या वर रेकॉर्डिंग राहत नाही. नवीन काही घ्यायची गरज नाही, आहे तो कॅमेरा अर्धा फूट रस्त्याकडं वळवा आणि वेळ बरोबर लावा. खुल्या प्लॉटवरची झुडपं आणि बंद पडलेले खांबावरचे दिवे ह्याची तक्रार मी खांबाचे नंबर टाकून दिलीय, तुम्ही पण द्या, एकाच बाईची तक्रार कुणी धरत नाही. गेट-वॉचमनला माझा विरोध नाही, पण आपल्या कॉलनीतनं शाळेचा रस्ता जातो, रस्ता सगळ्यांचा आहे, तो अडवता येईल का ते आधी विचारून घ्या आणि मग वर्गणी काढा.

आणि तुम्हाला २०१९ आठवतं का? ऑगस्टमध्ये महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ४५ ला धोका असतो, आपल्या कॉलनीत तळमजले बुडाले. बोट घ्यायला आली तरी प्रत्येक गल्लीतला एकेक माणूस गच्चीवर थांबला, कारण रिकाम्या घरात चोर शिरतील ही भीती सगळ्यांनाच होती. आमचे हे चार रात्री गच्चीवर होते. दर तासाला एका गच्चीवरनं बॅटरी मारायची आणि दुसऱ्या गच्चीवरनं उलट बॅटरी आली की समजायचं सगळं ठीक. लाईट नाही, मोबाईल बंद, खाली पाणी, आणि तरी कुणाच्या घरातली एक वाटीपण गेली नाही. ते गच्चीवर थांबलेले तुम्हीच होता की. तेव्हा ज्याच्या घरात पाणी शिरलं त्यानं लपवलं नाही, सगळे पंचनाम्याच्या रांगेत उभे राहिले. मग आता घर फुटलं तर लाज कसली?

ठाण्यातल्या साहेबांनापण हे पत्र मी देणार आहे. साहेब, एकच मागणं आहे, फिर्यादीला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधी खुर्ची द्या, पाणी द्या, आणि 'एवढं सोनं घालून कशाला फिरता' हा प्रश्न त्यांना विचारू नका. तो प्रश्न घरी विचारून झालेला असतो. आणि बीटच्या अंमलदारांचा नंबर आमच्या मंदिराच्या फळ्यावर लिहून द्या.

सोमवारी सकाळी अकराला मी आजींना घेऊन ठाण्यात जाणार आहे. उशीर झालाय, उशीर का झाला ते फिर्यादीत लिहायला लागेल, वकिलांनी सांगितलंय की त्यानं फिर्याद अडत नाही. आजी सुरुवातीला नको म्हणत होत्या, काल संध्याकाळी स्वतःच आल्या आणि पाटल्यांचा लग्नातला फोटो घेऊन आल्या, काळा-पांढरा, कडा झिजलेला. बाकीच्या तीन घरांनी यायचं असेल तर साडेदहाला पेरूच्या झाडाखाली या. कागद, पेन आणि झेरॉक्सचे पैसे मी घेऊन येते. लिहायला जमत नसेल तर तुम्ही सांगा, मी लिहिते.

तुमचीच,
शेवटच्या गल्लीतली